एक बाप, दोन भाषा : द्विभाषिक चित्रपटातल्या एका दृश्याचा अभ्यास

परभाषेतल्या चित्रपटात काम करणाऱ्या मराठी नटाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : भाषा येत नाही, तर संवाद म्हणता कसे? प्रश्न रास्त आहे, पण ‘पाठ करतो’ एवढ्यावर त्याचं उत्तर भागत नाही. पाठ तर शाळकरी मुलगाही करतो. माझ्या मते परभाषेतलं काम बिघडतं ते बहुतेकदा वेळेपायी. संवाद हातात पडणं आणि कॅमेरा सुरू होणं, यांच्यामध्ये कुणी वेळच ठेवलेला नसतो. आणि त्यातून जे वाचतं ते पुढे डबिंगच्या खोलीत बिघडू शकतं, जिथे नटाला सहसा कुणी बोलावत नाही. मोघम बोलण्यापेक्षा एकच दृश्य सविस्तर मांडतो. निर्मिती संस्था, दिग्दर्शक, सहकलाकार यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. जे झालं ते कामाच्या पद्धतीतून झालं, कुणा एकाच्या मनात खोट होती म्हणून नाही.

दृश्य काय होतं

चित्रपट तेलुगू आणि तमिळ असा द्विभाषिक होता. एका भाषेत करून दुसरीत डब केलेला नव्हे, तर दोन्ही भाषांत एकाच वेळी चित्रित केलेला. ‘बाहुबली’चा पहिला भाग (२०१५) याच रीतीने तेलुगू आणि तमिळमध्ये झाला. आमचा चित्रपट त्याच्यापुढे अगदीच लहान, पण पद्धत तीच.

माझं काम नायकाच्या वडिलांचं. तेलुगू आवृत्तीत हा माणूस अनंतपूरचा भुईमूग पिकवणारा शेतकरी, तमिळ आवृत्तीत तिरुवण्णामलैचा. अनंतपूर म्हणजे आंध्र प्रदेशातल्या रायलसीमा भागातला पर्जन्यछायेचा, देशातल्या सर्वांत कोरड्या जिल्ह्यांपैकी एक. मी सोलापूरकडचा. बोअर कोरडी गेल्यावर माणूस कसा उभा राहतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. भूमिका स्वीकारली ती त्याच बळावर.

शहरातून मुलगा परत आलाय, आणि वाड्याच्या अंगणात बाप त्याला सांगतो की जमीन विकली. दीड पानी पल्लेदार संवाद. त्यात रडारड नाही, क्षमायाचना नाही. बाप फक्त हिशेब देतो : पहिली बोअर किती फुटांवर गेली, दुसरी किती, तिसरीला कर्ज कुणाकडून काढलं, त्या साली शेंग किती पोती निघाली. मग थांबतो, वळतो, मुलाकडे पाठ करून रिकामी पोती घडी घालायला लागतो. संहितेत तिथे एकच सूचना होती : बाप गप्प. संपूर्ण दृश्याचा कणा त्या गप्प बसण्यात होता. बापाने मुलाकडे काही मागायचं नाही. मागितलं की तो दुसराच माणूस होतो.

संवाद आदल्या रात्री

नाटकात वाचन होतं, मग तालीम उभी राहते, शब्द तोंडात बसायला आठवडे मिळतात. इथे दोन्ही भाषांतले संवाद चित्रीकरणाच्या आदल्या रात्री मोबाइलवर आले, तेही रोमन लिपीत. सोबत निरोप : ‘सर, टेन्शन घेऊ नका, प्रॉम्प्टिंग आहे.’

प्रॉम्प्टिंग म्हणजे काय, ते सेटवर न गेलेल्यांसाठी सांगतो. कॅमेऱ्याच्या शेजारी सहायक दिग्दर्शक उभा राहतो आणि एकेक वाक्य मोठ्याने म्हणतो. नट ते ऐकतो आणि लगेच म्हणतो. आवाज पुढे डब होणारच असतो, म्हणून सेटवरचा हा गोंगाट चालून जातो. सेटवरच्या आवाजाला पायलट ट्रॅक म्हणतात; डबिंगच्या वेळी मार्गदर्शक म्हणून तो वापरायचा आणि मग टाकून द्यायचा. दक्षिणेत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. छोट्या भूमिकांना, एखाद-दुसऱ्या वाक्याला ती पुरतेही. ती नसती तर आमच्यासारख्या कित्येकांना तिकडे कामच मिळालं नसतं, हेही कबूल करायला हवं.

पण लांब संवादाला प्रॉम्प्टिंग मारक ठरतं, आणि का ठरतं ते नीट पाहायला हवं. नटाचा कान प्रॉम्प्टरकडे लागला की त्याचे डोळे समोरच्या माणसाला सोडतात. समोर मुलगा उभा आहे, पण बाप ऐकतोय तिसऱ्याला. शिवाय वाक्य कुठे संपणार हे आधी माहीत नसल्यामुळे प्रत्येक शब्दाला सारखंच वजन दिलं जातं. परभाषेतल्या चित्रपटात एखादा चांगला नट अकारण आग ओकतो किंवा अकारण हळवा होतो, याचं कारण पुष्कळदा हेच असतं : एकच भाव धरून तो वाक्याच्या शेवटाची वाट पाहत असतो.

माझ्यापुढे पर्याय मोजके होते. प्रॉम्प्टिंग घ्यावं. किंवा तेवढ्याच लांबीचं मराठी बोलावं आणि ओठांचं काम डबिंगवर सोडावं. असे नट मी पाहिलेत, संवादाऐवजी नुसते एक-दोन-तीन असे आकडे म्हणणारेही पाहिलेत. किंवा रातोरात ध्वनी घोकावेत. किंवा वेळ मागावा. मी वेळ मागितला. दृश्य दुसऱ्या दिवशी सकाळऐवजी दुपारी घ्यावं, सकाळच्या उजेडात सासू-सुनेचं दृश्य उरकावं, आणि तोवर एक सहायक मला द्यावा. दिग्दर्शकाने मान्य केलं. दुय्यम भूमिकेतल्या नटाने वेळापत्रक हलवायला सांगणं तिथे रुळलेलं नाही, म्हणून त्यांच्या या होकाराला मी मोठं मानतो.

रात्रीची बैठक

मिळालेला सहायक खुद्द अनंतपूरचा निघाला. चोविशी-पंचविशीचा मुलगा, घरी शेती. हॉटेलच्या खोलीत जमिनीवर कागद पसरून आम्ही बसलो. तमिळ संवादलेखक चेन्नईत होते. त्यांनी सगळा संवाद बोलून, ध्वनिमुद्रण करून पाठवला, आणि ते फार मोलाचं होतं, कारण लिहिलेली तमिळ आणि बोललेली तमिळ यांत अंतर खूप आहे. कागदावरून शिकलेली तमिळ शेतकऱ्याच्या तोंडी पुस्तकी वाटते.

पहिलं काम रोमन लिपी फेकून देण्याचं. रोमनमध्ये ळ नाही, दीर्घ-ऱ्हस्व नाही, त आणि ट वेगळे कळत नाहीत. मी सगळं देवनागरीत उतरवलं. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, तो आपण ओळखत नाही. ळ आपल्या जिभेवर जन्मापासून आहे. हिंदी पट्ट्यातून आलेले नट त्यावरच अडखळतात. तमिळमधला खास मूर्धन्य ध्वनी आपल्या ळपेक्षा वेगळा आहे, पण ळपासून तिथवर जाता येतं, लपासून जाणं अवघड. पण देवनागरीही पुरी पडत नाही. तेलुगू-तमिळमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. मराठीत आपण तो फरक करत नाही. ऱ्हस्व ए-ओ जिथे आले तिथे मी लाल पेनाने टिंब दिलं. तमिळ लिपीत क आणि ग, त आणि द यांना वेगळी अक्षरं नाहीत. कुठे काय म्हणायचं ते जागेवरून ठरतं. तिथे ध्वनिमुद्रण ऐकत एकेक अक्षर नक्की केलं.

दुसरं काम वाक्याची रचना समजून घेण्याचं. तेलुगूत आणि तमिळमध्ये क्रियापद शेवटी येतं, मराठीसारखंच. ही बाब कागदावर कोरडी वाटते, पण नटाच्या दृष्टीने ती सोन्यासारखी आहे. कारण विचार त्याच क्रमाने उलगडतो. आधी कोण, मग कुठे, मग किती, आणि ‘गेली’, ‘विकली’, ‘आटली’ हे सगळं शेवटाला. श्वास जिथे मराठीत घेतला असता जवळजवळ तिथेच घेता येतो. मी प्रत्येक वाक्याखाली शब्दाखाली शब्द मराठी लिहिली, ओळीचं सुंदर भाषांतर मुद्दाम केलं नाही. मला अर्थाइतकाच अर्थाचा क्रम हवा होता.

आणि मग आकडे. हा बाप हिशेब देतोय, म्हणजे आकडे हेच त्याचं दुःख. बाकी संवाद बाजूला ठेवून मी आधी फक्त आकडे बसवले. बोअरची खोली, कर्जाची रक्कम, पोत्यांची संख्या. आधी तेलुगूत, मग तमिळमध्ये, पुढून आणि मागून. हाताची पेरं मोजत. सहायक माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, ‘सर, माझे काका असंच मोजतात. पण ते अंगठा इथून सुरू करतात.’ करंगळीच्या तळाच्या पेरापासून. मी तेच धरलं. दृश्यात बापाचा हात तसाच चालतो, आणि दोन्ही भाषांत संवाद विसरण्याचं भय मला त्या पेरांमुळे वाटलं नाही. प्रत्येक पेरावर एक आकडा, प्रत्येक आकड्याला एक वाक्य.

एकच शॉट, दोनदा

द्विभाषिक चित्रीकरणात सगळंच दोनदा घेत नाहीत. लांबून घेतलेला शॉट, पाठमोरा शॉट, ज्यात ओठ वाचता येत नाहीत, तो दोन्ही आवृत्त्यांत चालतो. मिड (कमरेपासून वरचा) आणि क्लोज (चेहऱ्याचा) शॉट मात्र आधी एका भाषेत, मग तसाच दुसऱ्या भाषेत. प्रकाशयोजना तीच, कपडे तेच. मला दिलेलं साधं पांढरं गुंडाळलेलं धोतर आणि खांद्यावरचं कापड दोन्हीकडे खपणारं होतं. बदलतं ते भिंतीवरचं कॅलेंडर. सेटवरचा मुलगा तेलुगू कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला तमिळ अडकवायचा, आणि आमचं गाव शेकडो किलोमीटर दक्षिणेला सरकायचं.

मराठी माणसाने याचं नवल करू नये. प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत केला होता, दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे दोन्हींत होते. ‘कुंकू’ १९३७ साली हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. फरक एवढाच की त्या नटांना दोन्ही भाषांत स्वतःच्याच तोंडाने बोलावं लागे आणि तोच आवाज पडद्यावर येई. डबिंगने नटाची भाषेपासून सुटका केली, पण त्याच वेळी त्याचा अर्धा अभिनय त्याच्या हातून काढून घेतला.

तेलुगू शॉट आधी झाला. चांगला गेला. खरी कसोटी तमिळच्या वेळी. तेलुगूची लय अंगात भिनलेली असते, तीच तमिळवर चढते. तमिळ संवाद त्या लयीत ओढला की तो खोटा वाटतो. दोन शॉटच्या मधल्या वेळात, दिवे तसेच ठेवून सगळे चहा घेत असताना, मी हेडफोन लावून चेन्नईचं ध्वनिमुद्रण ऐकत बसलो. शब्दांसाठी नाही, फक्त चढउतारासाठी. आईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ तेलुगू अभिनेत्रीने, ज्यांना सेटवर सगळे अम्मा म्हणत, कुणालाही माझ्याशी बोलू दिलं नाही. त्यांनी स्वतः मद्रासमध्ये उमेदवारी केलेली. तेलुगू चित्रपटसृष्टी पूर्णपणे हैदराबादला स्थिरावण्याआधी मद्रासच दोन्ही भाषांचं माहेर होतं, आणि एका भाषेतून दुसरीत जाताना मधे शांतता लागते हे त्या पिढीला सांगावं लागत नाही.

तमिळ शॉटमध्ये बाप थोडा वेगळा झाला. तेलुगूत तो थकलेला होता, तमिळमध्ये ताठ. मी ठरवून केलं नव्हतं; भाषेच्या ठेक्याने केलं. दिग्दर्शकाने मॉनिटरवर दोन्ही पाहिले आणि दोन्ही ठेवले. पुढच्या दृश्यांत मग त्यांनी मला दोन आवृत्त्यांत दोन किंचित वेगळी माणसं करू दिली. द्विभाषिक चित्रपटाचा एवढा उपयोग तरी करून घ्यायलाच हवा. एकाच माणसाची हुबेहूब नक्कल दोनदा करायची असेल, तर सरळ डब केलेलं काय वाईट?

आवाज कुणाचा

माझी आवाजचाचणी झाली. तेलुगूत उच्चार बरे होते, पण अनंतपूरचा शेतकरी वाटावा असे नव्हते. दोन्ही आवृत्त्यांसाठी डबिंग कलाकार ठरले, आणि तो निर्णय मला पटला. साताऱ्याचा शेतकरी हिंदी वळणाचं मराठी बोलला तर आपण प्रेक्षक म्हणून दोन मिनिटं सहन करत नाही. त्यांनी का करावं?

डबिंग कलाकाराला आपल्याकडे फार कमी लेखतात. ‘अरुंधती’ (२००९) या तेलुगू चित्रपटातला सोनू सूदचा खलनायक आठवा. त्याचा दरारा पी. रविशंकर यांच्या आवाजात आहे, आणि त्यातल्या संवादावरून लोक त्यांना ओळखू लागले. ‘मणिचित्रताळ’ (१९९३) साठी शोभना यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्या मल्याळम चित्रपटातही त्यांचा आवाज दुसऱ्या कलावतींचा आहे. नटाचं श्रेय यामुळे कमी होत नाही. पण भूमिका दोघांनी मिळून केलेली असते, आणि त्या दोघांची एकदाही भेट होत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

म्हणून मी पायलट ट्रॅकसोबत एक पान पाठवलं. कुठला थांबा अर्थाचा आणि कुठला श्वासाचा, कुठला आकडा जड, कुठला घाईत. तेलुगू डबिंग कलाकाराने ते वाचलं आणि स्वतःहून फोन केला. त्यांचा प्रश्न होता : पोती घडी घालताना तुमचा श्वास ऐकू येतो, तो ठेवू की काढू? मी म्हटलं, ठेवा. त्यांनी तो श्वास स्वतः माइकसमोर पुन्हा दिला, वजन उचलल्यावर येतो तसा. पाहणाऱ्याला ते लक्षातही येत नाही, पण तेलुगूतला तो गप्प बाप त्या श्वासामुळे जिवंत आहे.

तमिळमध्ये वेगळंच झालं. पाठमोऱ्या शॉटमध्ये, जिथे बाप गप्प असायला हवा, तिथे दोन वाक्यं भरली गेली. बाप पोती घडी घालता घालता म्हणतो की तुझ्यासाठीच केलं, मला समजून घे. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे पडद्यावर कुठेही खटकत नाही. तांत्रिकदृष्ट्या काम निर्दोष. पण मागणारा बाप तिथे आला, जो दीड पान हिशेबात आम्ही कटाक्षाने टाळला होता. मला ते पहिल्यांदा कळलं ते चित्रपटगृहात.

दिग्दर्शकांशी मी मोकळेपणाने बोललो. त्यांचं म्हणणं असं की संकलनात तमिळ दृश्य ताठ वाटायला लागलं. बाप आधीच ताठ, त्यात गप्प, त्यामुळे तो मुलावर रुसलाय असं काहींना वाटलं. तेलुगूतला थकवा प्रेक्षकाला आधार देत होता, तमिळमध्ये तो आधार उरला नाही, म्हणून शब्द घातले. या युक्तिवादात दम आहे. दोन आवृत्त्यांत बाप वेगळा होऊ दिला, तर गप्प बसण्याचा अर्थही दोन्हीकडे वेगळा होणार, हे खरंच. तरीही माझं मत बदललं नाही. ताठ माणूस गप्प बसला तर त्याचा अर्थ लावायला प्रेक्षकाला आणखी दोन सेकंद द्यायची होती. मुलाचा एक क्लोज तिथे टाकता आला असता, आणि तसा क्लोज घेतलेला होता. शब्द हा सर्वांत जवळचा उपाय होता, म्हणून तो वापरला गेला.

रंगभूमीवर प्रेक्षकांकडे पाठ करून उभं राहणं हे बळाचं लक्षण मानतात. नट पाठमोरा होतो तेव्हा प्रेक्षक पुढे सरकून बसतो. डब होणाऱ्या चित्रपटात कॅमेऱ्याकडे पाठ केली की तो शॉट लेखकासाठी आणि संकलकासाठी उघडा राहतो, कुणीही त्यात काहीही बोलू शकतो. आता अशा चित्रपटात गप्प राहायचं असेल, तर मी निदान तीन-चतुर्थांश चेहरा कॅमेऱ्याला ठेवतो. मिटलेले ओठ दिसले पाहिजेत. त्या ओठांवर कुणाला वाक्य बसवता येत नाही.

त्यानंतर

आता करारावर सही करण्याआधी मी तीन गोष्टी बोलून घेतो, आणि कुणाला त्या अवाजवी वाटलेल्या नाहीत. लांब संवाद निदान दोन दिवस आधी, स्थानिक बोलीतल्या ध्वनिमुद्रणासह मिळावा. त्या भागातला एक सहायक बैठकीला मिळावा. आणि डबिंगच्या वेळी, निदान मुख्य दृश्यांना, मला तिथे बसू द्यावं. पैशांवर घासाघीस करताना जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्म्यात हे ठरतं. नव्या मुलांना मी सांगतो की मानधनाआधी हे बोला, कारण मानधन ठरल्यावर समोरच्याला हे नखरे वाटतात.

पुढे कन्नडमध्ये एक काम आलं. सोलापूर-अक्कलकोटच्या बाजूला वाढलेल्या माणसाच्या कानाला कन्नड परकी नसते. बाजारात, एसटीत, शेजारच्या घरात ती सतत असते. तिथे मात्र मी स्वतःचाच आवाज मागितला. ध्वनी अभियंत्याने आणि भाषा पाहणाऱ्या बाईंनी मला वाक्यावाक्याला थांबवलं, काही शब्द इतक्या वेळा म्हणवून घेतले की घसा बसला आणि उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. माझी कन्नड सीमेवरची आहे, बेंगळुरूची नाही, हे त्यात ऐकू येतं. भूमिका विजापूरकडच्या माणसाची होती, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं.